कवटीच्या तळाची कूर्चागाठ: स्कॅन कसे मागवावे आणि कसे वाचावे

कूर्चेपासून उद्भवणाऱ्या कॉन्ड्रोमा (सौम्य) आणि कॉन्ड्रोसार्कोमा (कर्करोगी) या गाठी कवटीतील एकूण गाठींमध्ये एक टक्क्याहूनही कमी आढळतात. त्यामुळे त्यांची नोंद मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) किंवा कॉर्डोमा (कवटीच्या तळाची दुसरी एक गाठ) म्हणून होण्याचा धोका कायम असतो आणि शस्त्रक्रियेची आखणी त्या चुकीच्या नावावर बेतली जाते. सातारा किंवा सोलापूरहून एकाच्या दोन प्रतिमा दिसण्याची तक्रार घेऊन पुण्यात आलेल्या रुग्णाजवळ बहुधा एमआरआयची सीडी असते, आणि सीटी सांगितला की नातेवाईक विचारतात, "मोठी तपासणी झाली आहे, मग आता लहान कशाला?" त्यांना शांतपणे समजावून सांगावे, कारण या निदानात सीटी दुय्यम नाही.

सर्वप्रथम गाठीची जागा पाहावी. कवटीचा तळ कूर्चेतून घडतो आणि तिचे अवशेष पेट्रस हाड (कानामागचा कठीण भाग) व क्लायव्हस (कवटीच्या तळाच्या मध्यभागाचे उतरते हाड) यांच्या सांध्यात राहू शकतात. म्हणून कॉन्ड्रोसार्कोमा बहुधा मध्यरेषेच्या एका बाजूला असतो, तर नोटोकॉर्डच्या (गर्भातील कण्याच्या आद्य दांड्याच्या) अवशेषांतून येणारा कॉर्डोमा मध्यरेषेवर. हा नियम अभेद्य नाही, आणि कॉन्ड्रोमा क्वचित मेंदूच्या आवरणातूनही वाढतो.

सीटी एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेदांचा आणि हाडांच्या विंडोत (हाडाचे बारकावे दिसतील अशा मांडणीत) मागवावा. कडी किंवा कमान यांच्या आकाराचे कॅल्शियमचे ठिपके ही कूर्चेची ओळख आहे. एमआरआयवर ते सहज निसटतात. झिजलेल्या हाडाची कडाही सीटीवरच नीट दिसते.

एमआरआयमध्ये टी1 आणि टी2 अशा दोन प्रकारच्या प्रतिमा घेतात; गाठ टी1 वर मंद आणि टी2 वर अतिशय तेजस्वी दिसते, कारण कूर्चेच्या द्रव्यात पाणी भरपूर असते. मात्र कॉर्डोमाही टी2 वर तेजस्वीच असतो, म्हणून खरी मदत डिफ्युजनची (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या प्रतिमांची) होते. प्रकाशित मोजमापांत कॉन्ड्रोसार्कोमाचे सरासरी एडीसी मूल्य (ही हालचाल किती मोकळी आहे त्याचे माप) सुमारे 2.0 × 10⁻³ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद, तर नेहमीच्या कॉर्डोमाचे सुमारे 1.5 आढळले आहे. कवटीच्या तळाशी हवा आणि हाड शेजारी असल्याने नेहमीचे इको-प्लेनर डिफ्युजन तेथे वेडेवाकडे होते. शक्य असल्यास टर्बो स्पिन-इको पद्धत वापरावी आणि मोजताना कॅल्शियमचा भाग टाळावा. कॉन्ट्रास्टनंतरचे (शिरेतून दिलेल्या, गाठ उजळवणाऱ्या औषधानंतरचे) टी1 चरबीची चमक दाबून घ्यावे, नाहीतर क्लायव्हसमधील अस्थिमज्जेतील चरबीची चमक गाठीत मिसळते. कॉन्ड्रोमात कॉन्ट्रास्ट सावकाश शिरतो, त्यामुळे काही मिनिटांनी पुन्हा प्रतिमा घेणे उपयोगी ठरते. परफ्युजनवर (रक्तपुरवठा दाखवणाऱ्या प्रतिमांवर) रक्ताचे प्रमाण कमी असेल, तर मेनिन्जिओमाची शक्यता मागे पडते.

सौम्य कॉन्ड्रोमा आणि कमी श्रेणीचा कॉन्ड्रोसार्कोमा यांतील फरक केवळ प्रतिमांवरून खात्रीने सांगता येत नाही, आणि रिपोर्टमध्ये तसे स्पष्ट लिहिणे हाच प्रामाणिकपणा आहे. रुग्णाच्या बोटांवर किंवा हातापायांवर हाडांच्या गाठी आहेत का, हेही अवश्य विचारावे. ओलिए आणि मॅफुची या विकारांत कूर्चागाठी अनेक असतात आणि कवटीतील कॉन्ड्रोसार्कोमाची शक्यता वाढते.

बायोप्सीच्या अर्जावर "कूर्चागाठ की कॉर्डोमा?" हा प्रश्न ठळकपणे लिहावा. एस-100 ही पेशींतील प्रथिनाची चाचणी दोन्हींत सकारात्मक येत असल्याने ती एकटी पुरत नाही. ब्रॅक्युरी या प्रथिनाची चाचणी मात्र कॉर्डोमात सकारात्मक आणि कॉन्ड्रोसार्कोमात नकारात्मक येते, त्यामुळे तिची मागणी रेडिओलॉजिस्टनेच आधी सुचवावी.