खारवट जमिनीतला तांदूळ ‘जास्त पौष्टिक’? या चुका टाळा

खारवट जमिनीतल्या भाताविषयी विचारायला दोन टोकांची माणसे येतात. काहींना वाटते, असा तांदूळ खाल्ला की रक्तदाब वाढलाच. काहींच्या हातात प्रयोगशाळेचा कागद असतो, त्यावर प्रथिनांचा आकडा मोठा दिसतो, आणि ते खारीचेच आभार मानत असतात. घाई मात्र दोघांनाही सारखीच.

टक्का पाहून हुरळून जाणे

ही माझी सर्वांत नावडती चूक, म्हणून आधी हीच. एका भात उत्पादकाने दोन रिपोर्ट पुढ्यात ठेवले. एक चांगल्या वावराचा, दुसरा खारीने पांढऱ्या पडलेल्या तुकड्याचा. खारीच्या तांदळात प्रथिने जास्त, जस्त जास्त, आणि लोह तर दुपटीहून अधिक. पिशवीवर ‘नैसर्गिकरीत्या पौष्टिक’ असे छापायचेही ठरून गेले होते.

मी एवढेच विचारले, नमुने कसे तयार केले? चांगल्या वावराचे भात गिरणीतून पॉलिश होऊन आले होते. खारीच्या तुकड्यात भात निघालेच इतके थोडे, की ते घरीच भरडून, तूस पाखडून, कोंड्याच्या थरासकट पाठवून दिले होते. आता लोह आणि बी-1 जीवनसत्त्वाचा मोठा वाटा असतो त्या कोंड्यातच. पॉलिश केल्यावर लोह भराभर जाते. जस्त दाण्यात खोलवर असते म्हणून त्या मानाने टिकते. म्हणजे तुलना झाली होती ती सडण्याच्या, म्हणजे तूस-कोंडा काढण्याच्या, दोन पद्धतींची, जमिनींची नाही. त्यात खळ्यातली धूळ. मातीत लोह इतके असते की दाण्याला चिकटलेली किंचितशी धूळही आकडा फुगवते.

मग दोन्ही भात एकाच यंत्रावर, सारख्याच वेळासाठी सडायला लावले. लोहाचा चमत्कार संपला, जस्ताचा फरकही जवळपास विरला. प्रथिने मात्र खारीच्या तांदळात अजूनही थोडी जास्तच होती आणि गृहस्थांचा चेहरा पुन्हा खुलला. तेव्हा युरियाची चौकशी केली. खारीच्या तुकड्यात पीक पिवळे दिसते म्हणून तिथे हात सैल सोडला होता! जास्तीचे नत्र, विशेषतः उशिरा दिलेले, दाण्यातली प्रथिने वाढवते. त्यासाठी खारीची गरज नाही.

तरीही मान्य करतो, नत्र सारखे ठेवूनही खारीत प्रथिनांचा टक्का अनेकदा वाढलेला दिसतो. कारण साधे आहे. दाण्याचा बहुतेक भाग पिष्टाचा. खारीमुळे पानांचे काम मंदावते, दाणा भरण्याचा काळ आखडतो, पिष्ट कमी साठते. लोंबीत पोचट दाणे वाढतात आणि झाडातले नत्र उरलेल्या थोड्या दाण्यांत वाटले जाते. म्हणजे प्रथिने वाढली नाहीत, पिष्ट घटले.

हिशेब करून पाहा. समजा चांगल्या जमिनीतला दाणा 24 मिलिग्रॅमचा आणि प्रथिने 8 टक्के: एका दाण्यात 1.92 मिलिग्रॅम. खारीतला दाणा 20 मिलिग्रॅमचा आणि प्रथिने 9 टक्के: 1.80 मिलिग्रॅम. टक्का वर, प्रथिने खाली. हेक्टरी 4 टनांऐवजी अडीच टन निघाले, तर 320 किलो प्रथिनांच्या जागी 225 किलो. तांदळाचाच हिशेब धरलाय, तुसाचा नाही.

यावर कुणी म्हणेल, खाणारा दाणे मोजून खात नाही, वजनाने खातो. बरोबर, शंभर ग्रॅम भात खाणाऱ्यासाठी टक्काच खरा. पण तो तांदूळ त्याच्या ताटापर्यंत कसा पोचतो तेही बघा. खारीत दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा भाग वाढतो, असा दाणा गिरणीत फुटतो, कणी जास्त निघते आणि अख्खा तांदूळ कमी.

माझी सवय सांगतो. हजार दाण्यांचे वजन, सडण्याची पद्धत, नमुन्यातला ओलावा आणि दिलेले नत्र, हे कागदावर लिहिल्याशिवाय मी पोषणाचा आकडा वाचतच नाही. शिवाय प्रयोगशाळेने नत्राला कितीने गुणून प्रथिने काढली तेही विचारा. तांदळासाठी 5.95 हा गुणक आहे. कुठे सरसकट 6.25 वापरतात. त्यामुळे 8 टक्क्यांचे 8.4 टक्के होतात, आणि एवढ्या फरकावर लोक निष्कर्ष काढून मोकळे होतात.

तांदूळ खारट होतो असे समजणे

होत नाही. भाताचे झाड सोडियम बरेचसे मुळांत, खोडात आणि जुन्या पानांत अडकवते, म्हणून आधी तीच पाने करपतात. दाण्यात थोडे सोडियम वाढते, पण भात शिजवताना घातलेल्या मिठापुढे ते काहीच नाही.

खारवट आणि चोपण एकाच मापाने मोजणे

इथे मात्र माझा संयम सुटतो. जमिनीवर पांढरे दिसले की जिप्सम ओतायचे, हा शॉर्टकट कुणी शिकवला कोण जाणे. खारवट जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात: संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर. तिथे चांगले पाणी आणि निचरा हवा. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते, विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर आणि सामू (पीएच) साधारण 8.5 च्या पुढे. तिथे जिप्सम लागते, आणि त्यानंतर पाण्याने निचराही करावा लागतो. दुसरी पायरी घाईच्या लोकांना नको असते.

दाण्याच्या दृष्टीनेही दोन्हींचा त्रास वेगळा. खारवट जमिनीत मुळांना पाणी ओढता येत नाही आणि सोडियम पोटॅशच्या वाटेत आडवे येते. चोपण जमिनीत जस्त असूनही पिकाला मिळत नाही, कारण चढ्या सामूला ते विरघळत नाही. पानांवर तांबूस ठिपके पडून रोप खुजे राहते तो खैरा रोग म्हणजे जस्ताचीच कमतरता. 1966 मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिरोगतज्ज्ञ य. ल. नेने यांनी ते दाखवून दिले. तेव्हा ‘खारीमुळे तांदळातले जस्त घटले’ म्हणण्याआधी सामू पाहा.

आणि जस्ताचा उपाय करायचा तर कशासाठी हे ठरवा. जमिनीतून दिलेले झिंक सल्फेट रोप आणि उत्पन्न सावरते. दाण्यात जस्त वाढवायचे असेल तर फुलोऱ्यानंतर, दाणा दुधात असताना 0.5 टक्के झिंक सल्फेटची फवारणी जास्त कामाची. मी सकाळी कधीच फवारत नाही, फुले उघडी असतात. संध्याकाळचीच वेळ धरतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

मातीचा नमुना म्हणून वरचा पांढरा पापुद्रा खरवडून पाठवू नका. 15 सेंटिमीटरपर्यंतची माती, अनेक जागांवरून, एकत्र करून.

एक भाग माती आणि दोन-अडीच भाग पाण्यात मोजलेली ईसी संपृक्त अर्काच्या मर्यादेशी ताडू नका. पाणी घातले की आकडा पडतो आणि लोक ‘आमची जमीन ठीक आहे’ म्हणून निवांत होतात.

पोटॅश द्यायचे तर खारवट जमिनीत म्युरेटपेक्षा, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडपेक्षा, सल्फेट ऑफ पोटॅश बरे. क्लोराइड आधीच पुष्कळ आहे.

कोवळी रोपे लावू नका. भात उगवताना आणि फुटवे येताना खार बऱ्यापैकी सोसते. रोपावस्थेत आणि लोंबी धरण्यापासून फुलोऱ्यापर्यंत अगदी हळवे असते. जून, म्हणजे जास्त दिवसांची रोपे, एका चुडात तीन-चार. आणि थोडेच गोडे पाणी हाताशी असेल तर ते फुलोऱ्यासाठी राखा. सगळे लावणीलाच संपवणारे मी फार पाहिले.

खार सहन करणारा वाण म्हणजे पौष्टिक वाण नव्हे. केरळच्या पोक्कालीतून आलेला सॉल्टोल हा जनुकीय भाग मुख्यतः रोपावस्थेत सोडियम-पोटॅशचा तोल सांभाळतो. तांदळात जस्त किती, याची हमी तो देत नाही.

अमायलोज, म्हणजे पिष्टाचा एक घटक, खारीत वाढते की घटते, याचे एकच उत्तर मागू नका. बऱ्याच प्रयोगांत ते घटले, काही वाणांत वाढले. तुमच्या वाणाचे तपासून घ्या.

सुवासासाठी मुद्दाम खारे पाणी देण्याची एक टूम अधूनमधून कानावर येते. तिच्यात तथ्याचा अंश आहे: ताणामुळे झाडात प्रोलीन हे अमिनो आम्ल साठते आणि सुवासिक तांदळाचा वास देणारे द्रव्य त्यापासूनच बनते, म्हणून सौम्य खारीत सुवास वाढलेला आढळतो. पण भाताची सोसण्याची मर्यादा संपृक्त अर्काच्या ईसीप्रमाणे साधारण 3 डेसीसायमन. त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पन्न सुमारे 12 टक्क्यांनी घसरते. 5 वर गेलात की जवळजवळ चौथा हिस्सा गेला, आणि जमिनीत आणलेले मीठ पुढच्या हंगामातही तिथेच असते.