आधी पृथ्वी की आधी मंगळ? वादविवादाची तयारी बरणीतून

माणसाने परग्रहावर वस्ती करण्यापूर्वी पृथ्वी सांभाळावी का, हा विषय गणेशोत्सवातल्या वादविवादासाठी मुलाच्या वाट्याला आला, तर त्याला भाषण लिहून देऊ नये; महिनाभर आधी त्याच्याच हातून एक बंद बाग करून घ्यावी.

लोणच्याची काचेची बरणी तेलाचा वास जाईपर्यंत गरम पाण्याने धुवावी. तळाशी दोन बोटे बारीक खडी, तिच्यावर कोळशाचा पातळ थर आणि वर चार बोटे माती घालावी. आपली माळव्याची काळी माती नुसती घातली तर चिकट होऊन मुळे कुजतात, म्हणून तिच्यात निम्मी वाळू मिसळावी. शेणखत मात्र चिमूटभरच घालावे; त्याचे कारण पुढे येईल. श्रावणात गच्चीच्या कठड्यावर येणारे शेवाळ सुरीने अलगद उचलून आत बसवावे, भिंतीच्या फटीतला लहानसा नेचा लावावा आणि पाणी शिंपडून झाकण घट्ट लावावे. बरणी उजेडात, पण थेट उन्हापासून दूर ठेवावी. काच सकाळी धुरकटून दुपारी निवळली तर पाणी बेताचे आहे. दिवसभर थेंब ओघळत राहिले तर एक दिवस झाकण काढून ठेवावे.

झाकण काढायची वेळ आली की मुलाला ‘बायोस्फीअर २’ची हकीकत सांगावी. अमेरिकेतल्या ॲरिझोनात सुमारे तीन एकरांच्या या बंद काचघरात १९९१ साली आठ माणसे दोन वर्षांसाठी राहायला गेली. सोळा महिन्यांत आतला प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांपर्यंत उतरला आणि शेवटी तो बाहेरून भरावा लागला. भरपूर सेंद्रिय खताच्या मातीतले सूक्ष्मजीव प्राणवायू वापरत होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याऐवजी इमारतीच्या काँक्रीटमध्ये मुरत होता. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथे बरणी बिघडली तर झाकण उघडून काहीच मिळणार नाही.

मग अवकाश संशोधन बंद करायचे का, असे प्रतिपक्ष विचारेलच. त्यावर मुलाने ‘हो’ म्हणू नये, कारण ते चूक आहे: चक्रीवादळांचा माग आणि जंगलांची मोजदाद उपग्रहांमुळेच साधते, आणि २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या मंगळयानाचा अभिमान बाळगूनही ‘आधी पृथ्वी’ असे म्हणता येते. यान पाठवणे वेगळे आणि वस्ती करणे वेगळे, हा भेद त्याने सोडू नये. वस्तीसाठी हवा, पाणी आणि माती यांचे चक्र स्वतः चालवावे लागते, आणि तयार मिळालेले चक्रही आपल्याकडून इथे नीट जपले गेलेले नाही. इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून घाट चढवून आणावे लागते, तर गावातून वाहणारी कान्ह नदी वर्षानुवर्षे सांडपाणी घेऊन शिप्रेकडे गेली आहे. हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा मुलाला एकदा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे होळकरांच्या स्मारकांजवळ, कान्हच्या काठावर नेऊन उभे करावे आणि तिथे जे दिसेल, जो वास येईल, तो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा.

स्पर्धेला जाताना बरणी सोबत न्यावी आणि झाकणावर ते लावल्याची तारीख लिहिलेली असावी.