गणपतीच्या शोआधी मल्टिइफेक्टची तयारी: प्रिसेट, बॅकअप आणि स्टेजवरची गडबड

गणपती जवळ आले की ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्यांची धावपळ ठरलेली असते, नवीन गाणी बसवायची, गायकांचे स्केल लिहून घ्यायचे, प्रॅक्टिसच्या वेळा जुळवायच्या, आणि या सगळ्यात मल्टिइफेक्ट पेडल, म्हणजे एकाच डब्यात बरेच इफेक्ट आणि अँपचे आवाज देणारं पायाखालचं यंत्र, मात्र शेवटच्या रात्री उघडलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या शोच्या आठवडाभर आधी प्रिसेट, म्हणजे पेडलमध्ये सेव्ह केलेले साउंड, पक्के झालेच पाहिजेत, त्यानंतर नवीन साउंड शोधत बसायचं नाही, फक्त लेव्हल आणि इक्यू (बेस-मिड-ट्रेबल) थोडं इकडेतिकडे करायचं. स्टेजवर प्रिसेट दगा देतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा पेडल खराब झालेलं नसतं, सेव्ह, लेव्हल, आउटपुट नाहीतर पॉवर यातलं काहीतरी आधी बघायचं राहिलेलं असतं.

सगळ्यात आधी बॅकअप, कुठल्याही नॉबला हात लावायच्या आधी. बॉस कंपनीचं पेडल असलेल्यांना टोन स्टुडिओ, झूमवाल्यांना गिटार लॅब, लाइन ६ च्या एचएक्सवाल्यांना एचएक्स एडिट, लॅपटॉपवरची ही सॉफ्टवेअर सगळी फुकट डाउनलोड होतात. इथे पहिली अडचण येते ती केबलची. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या बऱ्याच यूएसबी केबलमधून फक्त चार्जिंग होतं, डेटा जातच नाही, आणि माणूस तासभर ड्रायव्हरला दोष देत बसतो. म्हणून आधी त्याच केबलने मोबाइलमधला एखादा फोटो लॅपटॉपवर येतो का ते बघा, आला तर केबल चांगली. हब मधे घालू नका, सरळ लॅपटॉपच्या पोर्टला लावा. पेडल दिसायला लागलं की एकेक प्रिसेट न काढता पूर्ण बॅकअप घ्या, कारण ग्लोबल सेटिंग, म्हणजे आउटपुट कशाला जोडलंय, इनपुट लेव्हल, एक्स्प्रेशन पेडलचं काम काय, हे एकेका प्रिसेटच्या फाइलमध्ये येत नाही. आयआर (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची नोंद असलेली फाइल) वापरत असाल तर त्या वेव्ह फाइलीही त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या कॉपी करा. दुसऱ्याच्या पेडलवर तुमचा प्रिसेट टाकला आणि आयआर तिथे नसला तर प्रिसेट उघडतो पण कॅबिनेटचा साउंडच गायब, आणि मग ऐकू येतो तो निव्वळ माशी भुणभुणल्यासारखा डिस्टॉर्शन. फोल्डरच्या नावात तारीख घाला, एक कॉपी ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह गिटारच्या बॅगेतच राहू द्या.

फर्मवेअर, म्हणजे पेडलच्या आतलं सॉफ्टवेअर, शोच्या आठवड्यात अपडेट करायचं नाही. त्यात कितीही भारी फीचर आलेलं असू दे, लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्पला २०२० साली ३.० व्हर्जनमध्ये सहाचे आठ ब्लॉक (एका प्रिसेटमध्ये इफेक्ट बसवायच्या जागा) मिळाले तेव्हा सगळ्यांनाच लगेच हवं होतं, तरीसुद्धा नाही. अपडेटनंतर काही युनिट सगळे प्रिसेट नव्याने बांधतात, काहींना फॅक्टरी रिसेट मारावा लागतो, कधी एखाद्या मॉडेलचा आवाजच किंचित बदलतो. विसर्जन झाल्यावर निवांत करा.

आता सेव्ह. बदल केल्यावर राइट किंवा सेव्ह न करता दुसऱ्या प्रिसेटवर गेलात की बदल गेला, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी प्रॅक्टिसच्या गडबडीत राहून जातंच, म्हणून प्रॅक्टिस संपल्यावर पेडल बंद करून पुन्हा चालू करा आणि प्रत्येक प्रिसेट एकदा ऐका, तेवढ्यात कळतं काय राहिलंय ते. बॉस जीटी-१ मध्ये ९९ फॅक्टरी पॅच (म्हणजे प्रिसेटच) आणि ९९ यूजर पॅच असतात, फॅक्टरीवाले तसेच राहतात, तुमचं काम यूजरमध्ये. झूम जी१ फोरचं वेगळं आहे, त्यात एकूण ५० जागा आणि वर ऑटोसेव्ह. घरी साउंड बनवताना ऑटोसेव्ह सोयीचा वाटतो पण स्टेजवर तो घातक, अंधारात पायाचा किंवा केबलचा धक्का लागून नॉब फिरला तर तो धक्कासुद्धा सेव्ह होतो. शोच्या आधी ऑटोसेव्ह बंद करा, ही एक गोष्ट कागदावर लिहून पेडलच्या खोक्यावर चिकटवा.

किती प्रिसेट ठेवायचे यावर प्रत्येक गिटारवाल्याचं मत वेगळं. मी साउंडप्रमाणे ठेवण्याच्या बाजूने आहे, गाण्याप्रमाणे नाही. ऑर्केस्ट्रात लिस्ट ठरते पण टिकत नाही, मंडळाचे अध्यक्ष मधेच सत्काराला येतात, गायकाचा घसा बसतो, पब्लिकमधून फर्माईशची चिठ्ठी येते आणि सतराव्या नंबरचं गाणं तिसऱ्याला वाजवावं लागतं. तेव्हा गाण्याच्या क्रमाने लावलेले तीस प्रिसेट म्हणजे वाकून शोधत बसणं. त्यापेक्षा साधा क्लीन, कोरसवाला क्लीन, हलका क्रंच (थोडासा फाटलेला साउंड), रॉक ऱ्हिदम, सोलो, नायलॉन किंवा अकूस्टिक सिम्युलेटर, फंकसाठी वा-वा इफेक्ट, एवढे सहा-सात शेजारी शेजारी लावा आणि खरंच वेगळा साउंड लागणारी दोन-चार गाणी त्यांच्या पुढच्या बँकेत. सगळ्यात जास्त कशावरून कशावर उडी मारावी लागते ते बघून क्रम ठरवा, बहुतेक वेळा क्रंचवरून सोलोवर आणि परत, तर ते दोन एकमेकांना चिकटून हवेत. आणि शक्य असेल तिथे ती उडी प्रिसेट बदलून न मारता एकाच प्रिसेटच्या आत मारा, एचएक्समध्ये स्नॅपशॉट (एकाच प्रिसेटमध्ये सेव्ह केलेली वेगवेगळी सेटिंग), बॉसमध्ये कंट्रोल स्विचला बूस्ट, कारण प्रिसेट बदलताना बऱ्याच युनिटमध्ये आवाजाला बारीक खाच पडते आणि डिलेची शेपटीही कापली जाते, ते नेमकं मुखड्यावर येताना ऐकू येतं. ही शेपटी टिकवणारं कॅरीओव्हर किंवा ट्रेल्स नावाचं सेटिंग असेल तर चालू करून बघा. नावं छोटी आणि उभं राहून लांबून वाचता येतील अशी ठेवा, कॅपिटल अक्षरांत.

हार्मनीवाले प्रिसेट वेगळे काढून तपासा, यावर मी जरा जास्त बोलणार कारण याची तयारी कोणी करत नाही. हार्मनी इफेक्ट तुमच्या सुरांसोबत दुसरी ओळ वाजवतो, आणि त्यासाठी त्याला गाण्याचा स्केल सांगितलेला असतो. आता समजा गाणं काळी एक (सी शार्प) मायनरमध्ये बसवलंय आणि शोच्या दिवशी गायिका म्हणाली आज काळी दोन (डी शार्प) घेऊया, कीबोर्डवाला ट्रान्सपोझचं बटण दाबून मोकळा, तुम्ही दोन पट्ट्या वर सरकून वाजवाल, पण पेडल मात्र जुन्याच स्केलची दुसरी ओळ काढत राहणार आणि सोलो बेसूर. बॉसच्या युनिटमध्ये की जोडीने दाखवतात, मेजर आणि त्याचा मायनर, म्हणजे काळी एक मायनरला ई आणि काळी दोन मायनरला एफ शार्प लावावं लागतं. ते मेन्यूत कुठे आहे, किती बटणं दाबून पोचतो, हे डोळे मिटून जमायला हवं, किंवा मग त्या गाण्याचे दोन स्केलचे दोन प्रिसेट आधीच करून ठेवा, म्हणजे अर्ध्या मिनिटात प्रश्न मिटतो.

डिलेचा टाइम गाण्याच्या टेम्पोला जुळवायचा तर ६०,००० भागिले बीपीएम, १२० ला ५०० मिलिसेकंद, डॉटेड एट्थ हवं तर त्याचा पाऊण म्हणजे ३७५. बँड क्लिकवर (मेट्रोनोमवर) वाजवत नसेल तर टॅप टेम्पो, म्हणजे पायाने ठोके देऊन टेम्पो सांगायचा स्विच, पायाखाली ठेवा आणि टेम्पो प्रत्येक प्रिसेटचा वेगळा आहे की ग्लोबल ते एकदा बघून घ्या, नाहीतर एका गाण्यात टॅप केलेलं पुढच्या गाण्यात तसंच राहतं.

आता लेव्हल, आणि खरी मेहनत इथेच आहे. घरी हेडफोनवर बनवलेला प्रिसेट स्टेजवर तसा लागत नाही, कारण आपला कानच आवाजाच्या पातळीप्रमाणे वेगळं ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून मांडलं होतं, कमी आवाजात बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण दोन्ही वाढवून ठेवतो, आणि तोच प्रिसेट मंडपातल्या मोठ्या सिस्टीमवर गेला की खाली घुमतो आणि वर टोचतो, मधली गिटार मात्र कुठेच नाही. त्यामुळे शेवटची लेव्हल प्रॅक्टिस हॉलमध्ये, ड्रमर आणि बेसवाला वाजवत असतानाच लावा. साधारण ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापा, गिटारची जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ, त्याखाली तुमचं काही काम नाही, ते बेसचं आणि किकचं. वर डिस्टॉर्शनला पाच-सहा हजारांच्या पुढे उतार द्या. सोलो पुढे आणायला गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) वाढवू नका, गेनने आवाज दाबला जातो आणि गर्दीत अजून आत जातो, त्याऐवजी एक हजार हर्ट्झच्या आसपास थोडं मिड आणि तीन-चार डीबी लेव्हल वाढवा. क्लीन आणि डिस्टॉर्शन एकटं वाजवून सारखे वाटले तरी बँडमध्ये सारखे राहत नाहीत, म्हणून कोणाला तरी समोर खुर्चीवर बसवून विचारा, आपण पेडलच्या डोक्यावर उभं राहून ते कळत नाही.

आउटपुट. मिक्सरला सरळ जाणार असाल तर कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकर कॅबिनेटची नक्कल) चालू, अँपच्या पुढे लावणार असाल तर बंद. जीटी-१ मध्ये हे आउटपुट सिलेक्टमध्ये असतं, मिक्सरला लाइन/फोन्स, जेसी-१२० अँप मिळाला तर त्याच नावाचं. दोन्ही ठिकाणी शो असतील तर जागेवर पोचल्यावर पहिलं हेच बघायचं. साउंडवाला एकच केबल देणार असेल तर ती लेफ्ट/मोनोमध्ये घाला आणि राइट मोकळा ठेवा, मग युनिट दोन्ही बाजू एकत्र करून देतं. दोन्ही केबल लावल्या आणि त्याने मिक्सरवर एकच चॅनल उघडला तर पिंगपाँग डिलेचे अर्धे ठोके गायब होतात. आणि साउंडवाल्या दादांना आधीच नीट सांगा की माझ्या लाइनला फँटम पॉवर (मिक्सरमधून माइकसाठी येणारे ४८ व्होल्ट) नको, ते काही पेडलच्या आउटपुटला सोसत नाहीत. मधे डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) असेल तर निम्मी काळजी मिटते, स्वतःचा असावाच.

पॉवरला सोबत आलेलाच अॅडॉप्टर वापरा. नऊ व्होल्ट सेंटर निगेटिव्ह एवढं जुळलं म्हणजे झालं असं नाही, मिलिअँपिअर बघा, एचएक्स स्टॉम्पचा अॅडॉप्टर तीन अँपिअरचा आहे, छोट्या ओव्हरड्राइव्हच्या अॅडॉप्टरवर तो उभाच राहणार नाही. डिजिटल पेडल आणि बाकीचे पेडल एकाच साखळी वायरवर चढवले की बारीक शिट्टी येते. मंडपात जनरेटर, लाइटिंगचे डिमर, एलईडीच्या माळा सगळं आसपास, त्यामुळे घूं आवाज आला तर घाबरून प्रिसेट बदलत बसू नका. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा, घूं गेला तर तो पिकअपमधून किंवा गिटारच्या केबलमधून येतोय, जागा बदला, तोंड फिरवा. तसाच राहिला तर लॅपटॉपची यूएसबी काढा, मग पेडल बॅटरीवर चालवून बघा, जीटी-१ आणि जी१ फोर दोन्ही चार एए सेलवर चालतात, आणि सेलवर आवाज शांत झाला तर दोष पॉवरचा आहे हे सिद्ध. डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढायची किंवा टेपने झाकायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी, पावसाळ्यात ओल्या स्टेजवर ते जिवावर बेततं.

साउंडचेकला वेळ मिळेल असं गृहीत धरू नका. रात्री दहाला स्पीकर बंद करायचे असतात, ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं तेवढंच, त्यामुळे उशीर झाला की पहिली कात्री साउंडचेकला. दहा मिनिटं मिळाली तर सगळ्यात जोरात वाजणारा आणि सगळ्यात हळू वाजणारा प्रिसेट आधी द्या, मग सोलो, बाकीचे राहिले तरी चालतात.

आवाजच आला नाही तर क्रम डोक्यात पक्का हवा. ट्यूनर चालू राहून म्यूट झालंय का, एक्स्प्रेशन पेडल टाचेकडे दाबलेलं आणि व्हॉल्यूमवर आहे का, मास्टर नॉब खाली आहे का. मग शेजारचा प्रिसेट लावा, तो वाजला तर दोष आधीच्या प्रिसेटमध्ये. नाही वाजला तर गिटारची केबल पेडलमधून काढून सरळ डीआयमध्ये, तिथे वाजली तर दोष पेडलचा किंवा त्याच्या पुढच्या वायरचा, तिथेही नाही तर तीच केबल बदला. एक जास्तीची केबल तुमच्या उजव्या हाताला लागेल अशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. एक्स्प्रेशन पेडल बाहेरचं असेल तर त्याला टीआरएस केबल (जिच्या जॅकला तीन भाग असतात) लागते, साधी गिटारची केबल घाईत लागली की व्हॉल्यूम भलताच उडतो, म्हणून त्या केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावा. पहिल्या नंबरच्या जागेवर फक्त अँप, कॅब आणि थोडा रिव्हर्ब असलेला साधा प्रिसेट कायम ठेवा. काहीही बिघडलं तर पेडल बंद-चालू करून सरळ त्यावर जायचं, गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर क्लीन-क्रंच सांभाळायचं आणि गाणं पूर्ण करायचं, दुरुस्ती निवेदक बोलायला आला की.