जळगावच्या उन्हाळ्यात ल्युसिफरेजची चाचणी

ल्युसिफरेज म्हणजे काजव्याला चमकवणारं एन्झाइम. त्याचा उजेड मोजून पेशीतला एखादा जीन किती चालू आहे, ते या चाचणीत कळतं. किटच्या पुस्तिकेत बिनदिक्कत छापलेलं असतं, 'रिएजंट (उजेड काढायला लागणारं द्रावण) रूम टेम्परेचरला आणा.' मे महिन्यात जळगावात बाटली टेबलावर काढून ठेवा, रिएजंट चाळिशीकडे जातं. काजव्याचं ल्युसिफरेज २०-२५ अंशांत खूश असतं. त्याहून फार तापलं की मलूल पडतं. म्हणून आधी एसी लावा, तासाभराने बाटली काढा, आणि टेबलावर थर्मामीटर ठेवाच.

मी हे ठेच खाऊन शिकलो. लाईट गेली, एसी थांबला, तरी मी ९६ खळग्यांची प्लेट भरतच राहिलो. वरच्या ओळींचे आकडे झक्कास, खालचे उतरलेले. औषधाने जीन मंदावला म्हणून सरांना फोनही करून बसलो! नमुने मी ओळीने लावले होते आणि औषधवाले सगळे खाली होते, एवढाच तो शोध. तेव्हापासून कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने, प्लेटच्या दोन्ही टोकांना ठेवतो, नमुने मिसळून लावतो.

रावेरला आजोळी मृगाआधी बांधावर काजवे लुकलुकायचे. तेच काम इथे नळीत चालतं: ल्युसिफेरिन (उजेडासाठी जळणारा पदार्थ), एटीपी (पेशीचं इंधन), मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन मिळाले की ल्युसिफरेज पिवळा-हिरवा उजेड काढतं, ५६० नॅनोमीटरच्या आसपास. आपण या एन्झाइमचा जीन आपल्याला हव्या त्या जीनच्या 'बटणा'ला, म्हणजे प्रमोटरला जोडतो. बटण जितकं दाबलं जाईल तितका उजेड. १९८६ मध्ये असाच काजव्याचा जीन घालून तंबाखूचं रोप उजळवलं होतं.

आता हाताचं काम. पेशी धुऊन लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडणारं द्रावण, घाला, पंधरा मिनिटं हलक्या हाताने हलवा. ल्युसिफेरिन उजेडाने खराब होतं, तेव्हा नळ्या फॉइलमध्ये गुंडाळा. एका वेळेपुरते छोटे भाग करून गोठवा, वितळलेलं परत गोठवू नका. प्लेट पांढरीच घ्या. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या खळग्याचा उजेड झिरपतो. पण पांढरी प्लेट ट्यूबलाइटखाली राहिली की थोडा वेळ स्वतःच चमकते, म्हणून वाचण्याआधी पाच मिनिटं यंत्रात अंधारात ठेवा. जीन न घातलेल्या पेशींचा आकडा सगळ्यांतून वजा करा.

पहिलं रिएजंट घालून काजव्याच्या ल्युसिफरेजचा उजेड मोजला, की दुसरं रिएजंट घालून रेनिला या सागरी जीवाच्या ल्युसिफरेजचा निळा उजेड मोजा; त्याचा जीन पेशींत सोबतच घातलेला असतो. त्याला एटीपी लागत नाही. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की पेशी कमी-जास्त पडल्याचा फरक बराच निघून जातो.

आणि मध्येच लाईट गेली तर थांबा. रिएजंट न घातलेला पेशींचा रस जनरेटरवरच्या उणे ८०च्या फ्रीझरमध्ये टाका, उद्या सकाळी सातला या.