पाहुणे दारात येण्याआधी

लग्नात पाहुण्यांच्या स्वागतासाठी सगळ्यात आधी दाराशी उभी राहणारी माणसं ठरवा. एक मुलीकडचं, एक मुलाकडचं, दोघंही चेहरे आणि नाती ओळखणारी. त्यांना दुसरं एकही काम सांगू नका. खिशात खोल्यांच्या किल्ल्या आणि कानाला सतत फोन असला की माणसाच्या तोंडून मनापासून ‘या’ निघत नाही. तासाभराने त्यांच्या जागी दुसरे कोण येणार, हेही आधीच ठरलेलं असू द्या.

आदल्या दिवशी एकदा पाहुण्यासारखं बाहेरच्या रस्त्यावरून आत चालत या. कुठल्या वळणावर गोंधळायला होतं ते लगेच कळतं. पाटी तिथे लावा, गाडीतून वाचता येईल अशा अक्षरांत, वधूवरांच्या नावांसह. पत्त्यासाठी नंबर द्याल तो आईवडिलांचा नको, त्या दिवशी मोकळ्या असलेल्या कोणाचा तरी द्या. गाड्या लावून घ्यायला एक जण नेमा, पावसाचे दिवस असतील तर मोठ्या छत्र्याही हाताशी ठेवा.

वयस्कर मंडळींची सोय मात्र बारकाईने बघा. गाडी थेट दारापर्यंत येते का? पायऱ्यांशेजारी उतार आहे का? एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. पायऱ्यांवर टाकलेली आखूड फळी चाकाच्या खुर्चीसाठी धोक्याचीच. दारातून आत आल्या आल्या पाठ टेकता येईल अशा खुर्च्या मांडा, कारण चालून आलेल्या आजींना आधी दम खायचा असतो, भेटीगाठी नंतर. पाणीही तिथेच ठेवा. स्वच्छतागृहाची पाटी ठळक हवी. ते कुठे आहे हे चारचौघांत विचारायला अनेकांना अवघड वाटतं.

ज्यांच्या ओळखीचं तिथे कोणीच नसेल, त्यांची नावं वेगळी काढून दाराशी असणाऱ्यांना द्या. नवरीची ऑफिसातली मैत्रीण, एकटे आलेले जुने शेजारी. मला यादीतलं हे काम सर्वांत मोलाचं वाटतं. अशांना नुसतं ‘बसा’ म्हणून सोडू नये. कोणाजवळ तरी नेऊन बसवावं आणि बोलायला विषय काढून द्यावा: ‘काकू, या हिच्या ऑफिसातल्या. तुमच्यासारखीच यांनाही बागेची हौस.’ पुढचं त्या दोघी बघतात.

भेटवस्तूंचं टेबल गर्दीपासून बाजूला ठेवा, जवळ विश्वासाचं माणूस हवं. उशिरा येणाऱ्यांसाठी मागच्या काही खुर्च्या राखून ठेवा आणि विधी सुरू झाले म्हणून दार लगेच मोकळं सोडू नका. कोणी तरी अर्धा तास तिथेच थांबावं.