बीबॉप स्केलमधून कॉर्ड काढायच्या कशा (दोन कॉर्डमध्ये काम होतं)

गिटार घ्या आणि काहीही न दाबता चौथी ते पहिली अशा चार तारा एकदम छेडा. डी, जी, बी, ई. ही जी६ कॉर्ड आहे, फुकटात मिळालेली. आता त्याच चार तारांवर पाचव्या फ्रेटला बार धरा (एकच बोट आडवं टाकून चारही दाबा), झाली सी६. पुढचं सगळं यावरच उभं आहे म्हणून आधी वाजवून बघा मग वाचा.

आता बीबॉप स्केल (बीबॉप ही जॅझची एक शैली). सी मेजर घ्यायची आणि जी आणि ए च्या मधे एक जास्तीची नोट घुसवायची, जी शार्प. सरगममध्ये सांगायचं तर प झाला की कोमल ध आणि मग शुद्ध ध. झाल्या आठ नोट्स: सी डी ई एफ जी जी-शार्प ए बी. सात नोट्सची स्केल चार ठोक्यांच्या आवर्तनात, ठोक्याला दोन अशी पळवली की कॉर्डच्या नोट्स कधी ठोक्यावर तर कधी अधेमधे पडतात, आठ केल्या की सी, ई, जी, ए बरोब्बर ठोक्यावर बसतात. सोलोवाले तिच्यामागे लागतात ते यासाठी.

आपल्याला कॉर्ड पाहिजेत, तर एक सोडून एक नोट उचला. सी ई जी ए, ही सी६. उरल्या बी डी एफ जी-शार्प, ही डिमिनिश्ड (पुढे नुसतं डिम). संपलं, अख्ख्या स्केलमध्ये दोनच कॉर्ड! आणि ही डिमिनिश्ड म्हणजे रूट (कॉर्डची मूळ नोट) काढून टाकलेली जी७ फ्लॅट ९ च आहे, त्यामुळे ती वाजली की कान आपोआप सी६ मागतो. डेट्रॉइटचे पियानिस्ट बॅरी हॅरिस (१९२९-२०२१) हे वर्षानुवर्षं शिकवत आले, ते याला सिक्स्थ डिमिनिश्ड स्केल म्हणायचे.

आता गिटारवर. आकडे फ्रेटचे, चौथ्या तारेपासून पहिलीकडे:

सी६ २-२-१-३
डिम ३-४-३-४
सी६ ५-५-५-५
डिम ६-७-६-७
सी६ ७-९-८-८
डिम ९-१०-९-१०
सी६ १०-१२-१०-१२
डिम १२-१३-१२-१३

डिमचा शेप एकच आहे, फक्त सरकतो. बोटं १-३-२-४. सी६ चे चार शेप, त्यातला ७-९-८-८ सुरुवातीला नको नको करतो, तिथे मधलं बोट आडवं टाकून दोन्ही ८ दाबा आणि अनामिका ९ वर ठेवा, जमतं. वाजवताना एकेक तार वेगळी ऐका, चारही तारांवर तीच आठ नोट्सची स्केल चाललेली असते, फक्त प्रत्येकीची सुरुवात वेगळी. मेट्रोनोम ६० वर, ठोक्याला एक कॉर्ड, वर जा खाली या. पिकने खरडू नका, बोटांनी चारही तारा एकदम उचला, नाहीतर वरची मेलडी ऐकूच येत नाही.

मी इथेच दोन महिने अडकलो. वर-खाली मस्त यायचं आणि गाणं सुरू झालं की परत एक कॉर्ड धरून पुतळा! म्हणून लगेच २-५-१ ला लावा, म्हणजे जॅझमध्ये सतत येणारी तीन कॉर्डची चाल, सी मध्ये डीएम७ (डी मायनर७), जी७, सी६.

डीएम७ आणि एफ६ च्या नोट्स त्याच, एफ ए सी डी. म्हणजे डीएम७ आली की वरचे सगळे शेप पाच फ्रेट पुढे ढकलायचे, २-२-१-३ चा झाला ७-७-६-८. (मधल्या डिम तेव्हा ए७ चं काम करतात, डी मायनरला खेचून आणणारी.) जी७ साठी डी मायनर६ धरा, ७-७-६-७, एकच बोट हललं आणि जी९ मिळाली, रूट बेसवाला बघून घेईल. जरा तिखट पाहिजे असेल तर जी७ वर तिच्या अर्ध्या सुराने वरची मायनर६ वाजवा, म्हणजे ए-फ्लॅट मायनर६. मग पूर्ण वाट अशी:

डीएम७ ७-७-६-८
जी७ ६-८-६-७
सी६ ५-५-५-५

चौथी तार ऐका, ए, ए-फ्लॅट, जी. पहिली तार सी, बी, ए. दोन्हीकडून अलगद उतरत येतं, हे पहिल्यांदा हाताखाली आलं तेव्हा मी अर्धा तास तेवढंच वाजवत बसलो होतो.

सी६ वर पोचल्यावर तिथे बसून राहू नका. डिममधली एक नोट उसनी घ्या: ५-५-५-७, वर बी आली, झाली सी मेजर७, मग करंगळी उचला की ए. नाहीतर तिसऱ्या तारेवर डी घ्या, ५-७-५-५, ही सी६/९. दोन्ही एकदम घेतल्या तर ५-७-५-७, जी गंमत म्हणजे परत जी६ च आहे, सी च्या बेसवर मेजर९ ऐकू येते. उसनी नोट परत केलीच पाहिजे असं नाही, पण सुरुवातीला करा, म्हणजे ओढ कळते.

सी मध्ये हात बसला की सगळं दोन फ्रेट मागे, बी-फ्लॅट, बार तिसऱ्या फ्रेटला. मग ई-फ्लॅट, बार आठव्याला. हॉर्नवाल्यांबरोबर (सॅक्सोफोन, ट्रम्पेट वगैरे) वाजवायचं असेल तर या दोन की (पट्ट्या) आधी करा, सी नंतर बघू.