पेट्रोल अडतंय कुठे? जुन्या मोटरसायकलची तपासणी टाकीपासून

कार्बोरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची) जुनी गाडी गचके खाऊन बंद पडली की पहिला पाना कार्बोरेटरला लागतो. खरं तर तो सगळ्यात शेवटी लागायला हवा. बहुतेक जुन्या गाड्यांत पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनानेच खाली उतरतं, मागून ढकलायला पंप नसतो. म्हणून वाटेतला किरकोळ अडथळाही पुरवठा मंदावायला पुरतो.

आधी दोष पेट्रोलचा की करंटचा, ते ठरवा. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी ओढ सोडते, दोन-चार गचके देते आणि मग मरते. त्या क्षणी चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढला तर थोडी सावरते. दोन-तीन मिनिटं थांबलं की कार्बोरेटरची वाटी (तळाशी पेट्रोल साठतं तो भाग) पुन्हा भरते आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू होते. करंट गेला तर सहसा एकदम बंद. मात्र ठिणगीला करंट देणारी कॉइल तापून बिघडली असेल तर तीही थंड झाल्यावर पुन्हा चालते, तेव्हा नुसत्या लक्षणावर जाऊ नका. दहा-बारा किका मारून प्लग काढा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, मग ठिणगी तरी नाही किंवा गाडी ओव्हरफ्लो होतेय, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय.

आता मुख्य परीक्षा. इंजिन थंड हवं, जागा मोकळी हवी आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. वाटीच्या तळाच्या ड्रेन नळीखाली खुणा असलेली काचेची बाटली धरा, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू करा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. वाटीत साठलेलं पेट्रोल आधी वाहून जाऊ द्या, मग घड्याळ लावून मिनिटभर मोजा. लिटरला 45 किमी देणारी गाडी ताशी 60 च्या वेगाने मिनिटाला जेमतेम 22 मिली पिते. तरी धार याच्या कितीतरी पट हवी, कारण चढावर आणि पूर्ण थ्रॉटलला भूक खूप वाढते. लहान इंजिनलासुद्धा मिनिटाला 100 मिलीच्या आत मिळत असेल तर वाट चोंदलेली समजा. गावात नीट चालणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर दगा देते ती यामुळेच.

धार तीन मिनिटं तरी बघा. सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत थेंबांवर आली तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज होऊन धार पुन्हा जोर धरत असेल तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत आली नाही की टाकीत पोकळी होते. टाकी भरलेली असताना वर हवेला जागा कमी, म्हणून हा दोष तेव्हा लवकर दिसतो. "टाकी फुल केली की बंद पडते" ही चमत्कारिक वाटणारी तक्रार इथलीच.

धार पहिल्यापासूनच बारीक असेल तर नळी कार्बोरेटरकडून सुटी करून कॉक तपासा. नळीतूनही बारीकच आली तर अडथळा वर आहे: कॉकची जाळी, कॉकमधलं फुगलेलं रबर, मुडपलेली नळी किंवा मागाहून बसवलेला फिल्टर. पंपाच्या गाडीसाठीचा दाट कागदी फिल्टर इथे चालत नाही. टाकीत भरपूर पेट्रोल असूनही कॉकच्या 'ऑन'वर धार नाही आणि 'रिझर्व्ह'वर आहे, तर टाकीच्या आत वर येणाऱ्या 'ऑन'च्या उंच नळीची जाळी बुजली आहे. व्हॅक्यूमवर (चालू इंजिनच्या ओढीवर) उघडणारा कॉक असेल तर इंजिन बंद असताना तो 'ऑन'वर पेट्रोल देतच नाही. तो 'प्राइम'वर ठेवून मोजा. त्याच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल दिसलं तर कॉकमधला पडदा फाटलाय आणि कच्चं पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातंय.

बाटली अर्धा तास उभी ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा मणी दिसले तर ते पाणी. तांबूस भुकटी चुंबकाला चिकटली तर टाकी आतून गंजली आहे. अशा टाकीखाली कार्बोरेटर कितीही वेळा धुवा, तो गंजाने पुन्हा चोंदणारच.

धार चांगली असूनही दोष राहिला, तरच कार्बोरेटर उघडा. गाडी फक्त चोकवरच आयडलिंगला टिकते, तर संशय पायलट जेटवर, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या जेटवर. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतं, ते उजेडाकडे धरून बघा. क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. पोलादी तार घातलीत तर भोक मोठं होईल. फक्त पूर्ण थ्रॉटलला दम तुटत असेल तर मेन जेट (जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणारा) किंवा वाटीतली पातळी बघा. जेट स्वच्छ असूनही आयडलिंग वरखाली होत असेल, तर इंजिन आणि कार्बोरेटरमधल्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा सूर बदलला तर तिथून हवा शिरते.

याच्या उलट, उभ्या गाडीतून पेट्रोल गळत असेल तर वाटी भरल्यावर पेट्रोल थांबवणाऱ्या फ्लोटच्या (तरंगत्या भागाच्या) सुईच्या टोकावर चर पडलाय का ते पाहा. अशा गाडीचं इंजिन ऑइलही हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ऑइल बदलेपर्यंत किक मारू नका.